पाटीवाल्याची यंत्रनिवड

वसई रोड स्थानकाबाहेर पडणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडते ती गर्दी. आणि तींतून वाट काढून त्यानें मान वर केली म्हणजे दिसतात तीं अक्षरें. डॉक्टरांचीं, वकिलांचीं, शिकवणीवर्गांचीं, सोनारांचीं, घरें विकणाऱ्यांचीं, आणि निवडणुकीस उभे राहिलेल्या वा राहूं इच्छिणाऱ्या पुढाऱ्यांचीं नांवें एकमेकांच्या खांद्यावर चढून उभीं असतात. हीं अक्षरें कोणीं केलीं, कशानें केलीं, आणि करणाऱ्यानें आपलें हत्यार काय पाहून निवडलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. पाटी वाचून पुढें जावयाचें असतें. ती पाहावयाची वस्तु आहे असें फारसें कोणास वाटत नाहीं.

वस्तुतः या एका तालुक्यांत अक्षराचा जवळजवळ पांचशें वर्षांचा इतिहास डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. त्यांनीं किल्ला बांधला, चर्चें उभारलीं, आणि आपल्या सरदारांचीं व धर्मगुरूंचीं नांवें शिळांवर कोरून ठेविलीं. चिमाजी अप्पांनीं १७३९ च्या मे महिन्यांत किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांचा अंमल संपला; परंतु त्यांच्या कांहीं शिळांवरील अक्षरें अद्यापि वाचतां येतात. छिन्नीचें अक्षर करावयास कष्ट फार, आणि पुसावयासही कष्ट फार. मागाहून रेल्वे आली. १८६७ च्या एप्रिलांत विरार आणि मुंबई यांच्यामध्यें गाडी सुरू झाली, आणि वसईच्या स्थानकाला ‘बेसिन रोड’ हें इंग्रजी वळणाचें नांव दीर्घकाळ चिकटून राहिलें. अलीकडच्या काळांत तर पत्तेच बदलले. ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोंवतालचीं गांवें मिळून महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. ज्यांच्या पाटीवर पूर्ण पत्ता होता त्यांना थोड्याच वर्षांत शेवटच्या ओळी दोनदां बदलाव्या लागल्या. पाटीवाल्यांनीं राज्यकर्त्यांना दुवाच दिला असेल.

या भागांत पाट्यांचें दुकान चालविणाऱ्यापुढें आज जो प्रश्न उभा असतो तो असा: रुंद रोलावर रंगीत छपाई करणारें यंत्र कोणतें घ्यावें, आणि चिकट विनाइलमधून अक्षरें कापून काढणारें यंत्र कोणतें घ्यावें? यंत्र विकणारा रुंदीचे फूट आणि तासाचा वेग सांगतो. घेणाऱ्यानें पुष्कळदां बँकेचें कर्ज काढलेलें असतें, नाहीं तर घरांतील सोनें गहाण टाकलेलें असतें. निवड चुकली तर यंत्र कोपऱ्यांत झांकून पडतें आणि हप्ता मात्र दर महिन्यास दारांत येतो. हा प्रश्न या यंत्रांइतका नवा वाटतो, पण तो तसा नाहीं. महाराष्ट्रांत छापील अक्षर आल्यापासून तो निरनिराळ्या वेषांत येत राहिला आहे, आणि ज्यांनीं त्याचें उत्तर दिलें त्यांच्या यशापयशाची हकीकत आजच्या दुकानदारालाही परकी वाटूं नये.

पहिली हकीकत मुंबईच्या गणपत कृष्णाजींची. अमेरिकन मिशनऱ्यांनीं छापलेलीं पुस्तकें पाहून आपल्या धर्माचीं पुस्तकेंही तशीं छापावीं असें त्यांच्या मनानें घेतलें. त्या काळीं छपाईचे दोन मार्ग होते. एक धातूच्या खिळ्यांचा, म्हणजे टाइपाचा; दुसरा शिळाछापाचा. शिळाछाप बव्हेरियांतील आलोइस झेनेफेल्डर यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढला होता. तेलकट शाईनें दगडावर लिहावयाचें, दगड ओला करावयाचा, म्हणजे छपाईची शाई लिहिलेल्या जागींच धरते. इतकेंच त्याचें मर्म. युरोपांत टाइपाचा मार्ग सुलभ, कारण तेथें पंचवीस-तीस अक्षरांत काम भागतें. देवनागरींत मात्र काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरें यांच्यामुळें खिळ्यांची संख्या कित्येक शतांवर जाते; आणि खिळा जुळविणाऱ्याला एका ओळीसाठीं वर, मध्यें आणि खालीं अशा तीन मजल्यांची इमारत रचावी लागते. दगडाला यांतील कसलीच अडचण नाहीं. हात जें लिहील तें दगड छापील.

गणपत कृष्णाजींनीं दगड निवडला. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत त्यांच्या खटपटीची हकीकत आली आहे. तयार यंत्र मिळण्याजोगें नव्हतें, म्हणून त्यांनीं प्रथम लांकडाचें यंत्र स्वतःच करविलें, दगडाचे लहान तुकडे मिळवून त्यांवर अक्षरें उठवून पाहिलीं, शाईही घरींच सिद्ध केली. लोखंडी यंत्र त्यानंतरचें. १८३१ सालीं त्यांनीं मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केलें. छापील पंचांग हातीं धरावें कीं नाहीं असा संशय बाळगणारे लोक तेव्हां पुष्कळ होते, आणि तरीही तें खपलें. पुढें त्यांनीं टाइपही पाडले, पण तें आधीचा धंदा पायावर उभा राहिल्यावर. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. त्यांनीं यंत्र निवडलें तें आपल्या अक्षराच्या सोयीनें. आणि यंत्र बिघडलें असतां तें कां बिघडलें हें त्यांना ठाऊक होतें, कारण तें त्यांनींच जुळविलें होतें.

याच्या नेमकी उलट हकीकत राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची. १८९४ सालीं मुंबईंत त्यांनीं आपलीं चित्रें रंगीत छापून घरोघर पोंचविण्यासाठीं कारखाना काढला. यंत्रें जर्मनीहून आणिलीं, तीं चालविणारे तंत्रज्ञही तेथूनच आले. चित्रांना मागणी नव्हती असें कोणी म्हणणार नाहीं. त्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रांतील किती देवघरांत गेल्या याची गणती नाहीं. परंतु रंगीत शिळाछापांत प्रत्येक रंगाला निराळा दगड लागतो, प्रत्येक दगडाचा ठसा आधीच्या ठशावर केसाच्याही फरकावांचून बसावा लागतो, आणि तो बसविणारा हात भाड्यानें आणलेला असेल तर त्याच्या पगारासाठीं चित्रकाराला राजेरजवाड्यांच्या तसबिरी काढीत हिंडावें लागतें. त्यांत मुंबईंत प्लेग आला. कारखाना लोणावळ्यानजीक मळवलीस गेला, कर्ज वाढलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकावा लागला. तोच कारखाना, तींच यंत्रें. श्लायखरच्या हातीं मात्र तीं कित्येक वर्षें चाललीं. देवतांच्या चित्रांबरोबर त्यानें जाहिरातींचीं आणि मालावरील लेबलांचीं कामेंही घेतलीं, आणि दगड कां सरकला हें विचारण्यासाठीं त्याला दुसऱ्या कोणाकडे जावें लागत नव्हतें.

त्या छापखान्याशीं संबंध आलेले एक गृहस्थ म्हणजे त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. त्यांनीं स्वतःचा चित्रठशांचा व छपाईचा धंदा काढला, आणि १९०९ सालीं रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं ते जर्मनीस गेले. छपाई उत्तम होऊं लागली. परंतु भांडवल दुसऱ्यांचें होतें. मतभेद झाले, आणि १९११ च्या सुमारास फाळके रिकाम्या हातांनीं बाहेर पडले. पुढें १९१३ सालीं त्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दाखविला, त्यामुळें छपाईचें प्रकरण लोकांच्या विस्मरणांत गेलें. यंत्र पारखण्याचें ज्ञान फाळक्यांच्या ठायीं भरपूर होतें, आणि तरीही यंत्र हातचें गेलें. तें कोणाच्या पैशानें घेतलें आहे ही बाब त्याच्या वेगाहून निर्णायक ठरली.

पुस्तकें आणि चित्रें याप्रमाणें यंत्रावर चढलीं असतां दुकानाची पाटी मात्र आणखी पाऊणशें वर्षें हाताच्याच स्वाधीन राहिली. कारण उघड आहे. पाटी एकच लागते, आणि एका प्रतीसाठीं दगड वा ठसा करणें कोणासच परवडत नाहीं. शिवाय हातभर उंचीचीं देवनागरी अक्षरें कोणत्याही छापखान्यांत तयार मिळत नसत. म्हणून ‘पेंटर’ हा शब्द मराठींत आडनांवासारखा रूढ झाला. कोल्हापुरांत तर तो खरोखरीचें आडनांव होऊन बसला: बाबुराव मेस्त्री हे बाबुराव पेंटर म्हणूनच जगाला ठाऊक झाले. चित्रपटासाठीं लागणारा कॅमेरा त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांच्या साहाय्यानें घरींच जुळविला, आणि आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें आपणच रंगविलीं; गणपत कृष्णाजींच्या पंथांतीलच हा माणूस. पंढरपुरास जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हेही मुंबईंत परातींवर चढून चित्रपटांचे अवाढव्य फलक रंगवीत असत.

पेंटरचें काम बाहेरून जितकें सोपें दिसे तितकें तें नव्हतें. खडूची पूड लावलेली दोरी ताणून सोडली कीं पत्र्यावर शिरोरेषेची जागा उमटे. मग खडूनें अक्षरांचीं अंगें आंखावयाचीं. ‘श्री’ किती पसरेल, ‘ळ’ किती जागा खाईल, शेवटचा शब्द पत्र्यांत मावेल कीं नाहीं, हें डोळ्यानेंच मोजावयाचें. त्यानंतर खारीच्या केसांच्या ब्रशानें, हाताखालीं काठीचा टेकू देऊन, एका दमांत उभा दंड ओढावयाचा. दंड मध्येंच थांबला कीं रंगाला गांठ पडते. चांगल्या पेंटरचें अक्षर दहा पाट्यांतून ओळखूं येई. अमक्या गल्लींतील पाट्या अमक्याच्या हातच्या, हें सांगणारे लोक गांवोगांव असत. १९८० नंतर लोहमार्गाच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूस कारखान्यांचे गाळे वाढत गेले, इमारती वाढल्या, दुकानें वाढलीं. पाट्यांची मागणी अशी वाढली कीं एका ब्रशानें ती पुरी होईना.

या मागणीला पहिलें उत्तर मिळालें तें छपाईच्या यंत्राचें नव्हे, कापणाऱ्या यंत्राचें. त्याचा जन्म अमेरिकेंत झाला. जोसेफ गर्बर हा व्हिएन्नाचा ज्यू मुलगा नाझींच्या तावडींतून सुटून १९४० सालीं अमेरिकेस गेला. विद्यार्थी असतां आलेख मोजण्यासाठीं त्यानें आपल्या पायजम्याच्या कमरेची लवचिक पट्टी काढून तिच्यावर खुणा केल्या. ती ताणली कीं मापाची पट्टी लहानमोठी होई. त्या पट्टींतून त्याचा कारखाना उभा राहिला. प्रथम शिंप्यांचें कापड कापणारीं यंत्रें त्यानें केलीं, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं त्याच्या कंपनीनें चिकट विनाइलांतून अक्षरें कापणारें यंत्र बाजारांत आणिलें. पातें संगणकाच्या आज्ञेप्रमाणें अक्षराच्या कडेनें फिरतें, वरचें विनाइल कापतें आणि खालचा कागद तसाच ठेवतें. मग भोंवतालचें नको असलेलें विनाइल सोलून काढावयाचें आणि अक्षरें पाटीवर चिकटवावयाचीं. आपल्याकडे या धंद्याला ‘रेडियम’ असें नांव पडलें. मोटारींच्या मागें चमकणाऱ्या चिकटपट्टीवरून तें आलें असावें. मादाम क्यूरींच्या रेडियमशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं. तरी रेडियमवाला म्हटलें कीं कोणास कोड पडत नाहीं.

परंतु हें यंत्र रोमन अक्षरांसाठीं घडलें होतें, आणि गणपत कृष्णाजींपुढें टाइपानें उभी केलेली अडचण त्यानें मराठी पाटीवाल्यापुढें पुन्हां आणून ठेविली. रोमन अक्षरें सुटीं असतात. देवनागरींत प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतें, आणि शेजारच्या तुकड्यावर किंचित् चढून बसतें. पडद्यावर ती एकसंध रेघ दिसते. पात्याला मात्र एकसंध दिसत नाहीं. तें प्रत्येक अक्षराची कड निरनिराळी मानतें, आणि ‘महानगरपालिका’ असा शब्द दिला तर शिरोरेषेचे जागोजाग तुकडे करून हातीं देतें. त्यावर उपाय असा कीं, कापण्यापूर्वीं संगणकांत सर्व अक्षरें वितळवून एक करावयाचीं. कोरल-ड्रॉ या प्रचारांतील साधनांत त्याला ‘वेल्ड’ म्हणतात. त्याच्याच शेजारीं ‘कम्बाइन’ नांवाची दुसरी आज्ञा असते. चुकून तिच्यावर बोट पडलें तर जेथें दोन तुकडे एकमेकांवर आले होते तेथें नेमकें भोंक पडतें. नवशिक्याचे पहिले कित्येक फूट विनाइल याच शिक्षणांत जातें. याशिवाय अनुस्वाराचा ठिपका लहान असेल तर सोलतांना तो कचऱ्याबरोबर निघून जातो, आणि ‘मंदिर’ याचें ‘मदिर’ होतें. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. पात्याचें टोंक त्याच्या आंसाच्या जरा मागून ओढलें जातें, जसें हातगाडीचें मागचें चाक वळणावर आंत येतें. हा फरक यंत्राला नीट सांगितला नाहीं तर काना आणि शिरोरेषा यांचा काटकोन गोल होतो, आणि अक्षर झिजल्यासारखें दिसतें.

म्हणून वसई-विरारच्या पाटीवाल्यानें कापयंत्र घेतांना त्याच्या वेगाकडे पाहण्याचें कारण नाहीं. तें काटकोन कसा कापतें, लांब ओळ कापतांना रोल तिरका सरकतो कीं काय, आणि पातें व तें धरणारा भाग जवळच्या बाजारांत मिळतो कीं नाहीं, हें पाहावें. दोन फुटांचें यंत्र वाहनांच्या पट्ट्यांना आणि लहान पाट्यांना पुरतें; दुकानाच्या दर्शनी फलकाला चार फुटांचें लागतें. पंचेचाळीस अंशांचें पातें साध्या विनाइलास, साठ अंशांचें जाड मालास. या दोन पात्यांचें मोल चहापाण्याइतकें. पण चुकीचें पातें लावून पूर्ण रोल वायां घालविणारे पुष्कळ आहेत.

छपाईचें यंत्र मागाहून आलें, आणि येतांना त्यानें सगळेंच उलथून टाकलें. शाईचे थेंब उडवून छापण्याचे दोन मार्ग आहेत. एकांत शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्यानें थेंब बाहेर फेंकतात. जपानांतील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७७ सालीं तापलेली झाळण्याची सळई चुकून शाई भरलेल्या सुईला लागली आणि शाई उडाली, त्यांतून हा मार्ग सुचला असें सांगतात. दुसऱ्या मार्गांत विजेच्या स्पर्शानें आकुंचन पावणारा स्फटिक शाईला ढकलतो. या गुणाचा शोध १८८० सालीं पिएर क्यूरी व त्यांचे बंधु जाक यांनीं लाविला. तेव्हां ‘रेडियम’च्या धंद्याशीं क्यूरी घराण्याचा जो संबंध कापयंत्रांत सांपडत नाहीं, तो छपाईच्या यंत्रांत अगदीं अनपेक्षितपणें सांपडतो! पाटीवाल्याच्या बहुतेक यंत्रांत हाच दुसरा मार्ग असतो, कारण उन्हापावसांत टिकणारी तिखट शाई तापविण्याजोगी नसते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्लेक्स आलें. पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर दिलेलें हें कापड, आणि त्यावर सॉल्व्हंट शाईनें छापणारीं दहा फूट रुंदीचीं यंत्रें. चौरस फुटाचा भाव हळूहळू इतका उतरला कीं, वाढदिवसाचें अभिनंदन छापणें हें हार घालण्याहून स्वस्त झालें. विरारच्या जीवदानीचें नवरात्र, निर्मळची कार्तिकी यात्रा, चर्चचे सण, लग्नें, शाळांचे निकाल, सारें कांहीं फ्लेक्सवर चढलें. पेंटरांपैकीं कांहींनीं ब्रश ठेवून दिला. कांहीं चुना लावलेल्या भिंतींवर शाळांचीं सुभाषितें लिहीत राहिले. थोड्यांनीं यंत्र घेतलें. या थोड्यांपैकीं जे टिकले त्यांचा विचार येथें कर्तव्य आहे.

शाई हा पहिला प्रश्न. सॉल्व्हंट शाई स्वस्त आणि चिवट; पण तिचा वास उग्र, आणि इमारतीच्या तळमजल्यावर, वर बिऱ्हाडें असतां, ती वापरणें शेजारधर्माला धरून नव्हे. तिचीच सौम्य बहीण इको-सॉल्व्हंट पांच-सहा फुटांच्या यंत्रांत चालते आणि विनाइलवर बारीक अक्षर स्वच्छ उमटवते. मात्र छापल्यावर सुमारें एक दिवस तिला वारा द्यावा लागतो. घाई करून वर पारदर्शक पापुद्रा चिकटविला तर आंत अडकलेली वाफ विनाइल मऊ करते आणि कडा उचलल्या जातात. अतिनील प्रकाशानें तत्क्षणीं घट्ट होणारी यूव्ही शाई ॲक्रिलिक आणि एसीपी यांसारख्या कठीण पत्र्यांवर थेट छापतां येते. २००८ सालीं एचपी कंपनीनें पुढें आणलेली लेटेक्स शाई पाण्याच्या आधाराची आणि जवळजवळ निर्गंध, पण ती वाळविण्यास उष्णता लागते, म्हणजे विजेचें बिल वाढतें.

दुसरा प्रश्न हेडचा, आणि खरें मर्म येथेंच आहे. हेड म्हणजे शाईच्या सूक्ष्म छिद्रांची ती पट्टी. यंत्राचा सांगाडा कोणीही करतो. हेड करणाऱ्या कंपन्या जगांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. स्वस्त यंत्रांत अल्पायुषी हेड असतें, महागांत दीर्घायुषी. स्वस्त हेड वाईटच असें नाहीं; तें बदलण्याचा खर्च आधींच हिशेबांत धरला असेल तर तें शहाणपणाचें ठरतें. परंतु कोणतेंही हेड उपवास सहन करीत नाहीं. काम नसेल त्या दिवशींही थोडें छापून शाई वाहती ठेवावी लागते, नाहीं तर छिद्रें बुजतात. ज्या दुकानांत आठवड्यांतून दोनच दिवस छपाईचें काम येतें त्यानें यंत्र घेणें म्हणजे दूध विकत मिळत असतां म्हैस पाळण्यासारखें आहे. आणि हेड बुजलें त्या दिवशीं दुरुस्त करणारा माणूस किती तासांत येतो? तो जर दुसऱ्या शहरांतून यावयाचा असेल, तर गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं त्या दुकानाची स्थिति रविवर्म्यांच्या छापखान्यासारखी होते.

छापणें आणि कापणें हीं दोन्ही कामें करणारें एकच यंत्रही मिळतें. जपानच्या रोलँड कंपनीनें १९९५ च्या सुमारास तसें यंत्र काढलें. छापलेल्या चित्राची कड कोठें आहे हें त्याला आपोआप ठाऊक असल्यामुळें स्टिकरांच्या कामास तें सुखाचें. परंतु तें कापीत असतां छपाई थांबते, आणि एक अंग आजारी पडलें कीं दोन्ही कामें बंद. दोन स्वतंत्र यंत्रें असलीं म्हणजे छपाईच्या वेळीं कडेस खुणा छापाव्या लागतात आणि कापयंत्राच्या डोळ्यानें त्या वाचाव्या लागतात. थोडी खटपट वाढते, पण एक बिघडलें तर दुसऱ्यानें पोट भरतें. वसईसारख्या गांवांत, जेथें मोठें यंत्र चालविणारे गाळेवाले दुसऱ्यांचींही कामें चौरस फुटाच्या भावानें छापून देतात, तेथें लहान दुकानदारानें दहा फुटांच्या यंत्राचा मोह धरणें कठीणच म्हणावें लागेल. फ्लेक्स बाहेरून छापून आणावें. घरीं चांगलें कापयंत्र ठेवावें. आणि रोजचें काम निश्चित झालें म्हणजे पांच फुटांचें इको-सॉल्व्हंट यंत्र घ्यावें. गणपत कृष्णाजींनींही टाइप दुसऱ्या खेपेसच हातीं धरले होते.

अलीकडच्या कायद्यांनीं या हिशेबाला आणखी वजन आणलें आहे. शंभर मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत दुकानांच्या कायद्यांत सुधारणा होऊन दहांपेक्षां कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरींत मराठी नांव लिहिणें, आणि तें अन्य लिपींतील नांवाहून लहान नसणें, बंधनकारक झालें. सर्वोच्च न्यायालयानें २५ सप्टेंबर २०२३ रोजीं मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. १३ मे २०२४ रोजीं वादळी वाऱ्यांत घाटकोपर येथें एक जाहिरातफलक कोसळला आणि १७ माणसें मृत्यु पावलीं. तो फलक १२० फूट लांब व १२० फूट रुंद होता; मुंबई महानगरपालिकेची मर्यादा ४० फुटांची होती. एकीकडे अवाढव्य कापडाकडे लोक संशयानें पाहूं लागले, आणि दुसरीकडे मजबूत पत्र्यावरील, नीट वाचतां येणाऱ्या, मराठी अक्षरांच्या पाटीला मागणी आली. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारा वारा सोसणारी पाटी म्हणजे बहुधा एसीपीवर उठावाचीं ॲक्रिलिक अक्षरें, किंवा चांगल्या प्रतीचें कापलेलें विनाइल. हें काम रुंद यंत्राचें नव्हे, अचूक यंत्राचें आहे.

आणि येथें जुना पेंटर पुन्हां उपयोगी पडतो. संगणकांत जे फाँट तयार येतात ते पुस्तकाच्या पानासाठीं काढलेले असतात; तेच हातभर केले असतां त्यांचे सांधे लठ्ठ आणि पोकळ्या रित्या दिसतात. मराठी नाटकांच्या नांवांना रूप देणारे कमल शेडगे यांनीं प्रत्येक नांवाला निराळें अक्षर काढलें, तें याच जाणिवेनें. दिल्लीचे कलाकार हनीफ कुरेशी यांनीं रस्त्यावरील पेंटरांचीं अक्षरें संगणकांत उतरवून त्यांचे फाँट केले, आणि त्यांच्याबरोबर त्या पेंटरांचीं नांवेंही जोडलीं. ज्या पाटीवाल्याच्या घरांत वडिलांनीं रंगविलेल्या पाट्या शिल्लक आहेत, त्याला हें दिल्लीवरून मागविण्याची गरज नाहीं. पाटीचें छायाचित्र घेऊन अक्षराची कड संगणकांत आंखली कीं तोच दंड पात्याखालून निघतो.

यंत्र विकणारा नमुना दाखवितो तो बहुधा फुलाचा, पोपटाचा, किंवा इंग्रजी नांवाचा. घेणाऱ्यानें घरून आपला मजकूर न्यावा: ‘राष्ट्रीय ट्रान्सपोर्ट, निर्मळ’ एवढा पुरे. एक इंच उंचीचीं अक्षरें आपल्या समोर कापावयास लावावीं आणि आपल्या हातानें सोलावीं. ‘ष्ट्र’चा खालचा काटा आणि ‘ट्रा’चा फाटा शाबूत राहतो कीं नाहीं, शिरोरेषा एका ओढींत उचलते कीं नाहीं, तें पाहावें. तोच मजकूर पाव इंचांत छापवून पाहावा. छापलेला तुकडा घरीं नेऊन एक पावसाळाभर गच्चीच्या कठड्यास लावून ठेवावा, आणि त्या मुदतींत तेंच यंत्र वापरणाऱ्या दोघा-चौघा गाळेवाल्यांना, हेड शेवटचें केव्हां बदललें आणि दुरुस्तीचा माणूस किती दिवसांनीं आला, हें विचारून यावें. भावाची बोलणी दिवाळीनंतर सुरू केली तरी चालते.